भुरीची खोड

मशीन घरी आलं त्याला तिसरा आठवडा लागला, आणि गोठ्यातली एकही गाय चारही पाय टेकून उभी राहीना.

थोरल्या सुनेने सकाळी आंबोणाची घमेली मांडली की पूर्वी सहाही तोंडं एकदम खाली जायची. आता काळी एक घास घ्यायची आणि मान झटकून मागे सरकायची. ठिपकी मागचे पाय आळीपाळीने उचलत राहायची, तापल्या वाळूत उभी असल्यासारखी. भुरी तर दावणीजवळ यायलाच तयार नसायची. साखळी ताणून, डोळे पांढरे करून लांब उभी.

"नवीन आहे त्यांना. सवय होईल," धाकटा दीर म्हणायचा. हे तो रोज म्हणायचा.

धाकटा सहा वर्षं परदेशात एका मोठ्या गोठ्यावर नोकरीला होता. परत येताना त्याने दोनच गोष्टी आणल्या. गुडघ्यापर्यंत येणारे जाड रबरी बूट, आणि मागून जहाजाने आलेली एक लाकडी पेटी. पेटीत दूध काढायचं मशीन होतं. खाली चाकं, वर मोटर, बाजूला चकचकीत स्टीलची बादली आणि रबराच्या नळ्या. पेटी उघडली त्या दिवशी अर्धं गाव अंगणात उभं होतं. सासूबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या, "माझा धाकटा तिकडे पाचशे गाईंच्या मशीनवर साहेब होता."

तिकडची वीज एकशे दहाची, आपली दोनशे तीसची. सरळ लावलं तर मशीन फटकन जळेल, एवढं धाकट्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने बाजारातून एक लोखंडी खोका आणला. दोनशे तीस घ्यायचा, एकशे दहा द्यायचा. खोक्याच्या वायरीला तीन पिनांचा प्लग होता आणि गोठ्यातल्या जुन्या बोर्डाला दोनच भोकं. धाकट्याने पक्कड घेतली आणि तिसरी पिन मुरगळून तोडून टाकली. "ही असली काय, नसली काय, सारखीच." मग गाईंनी लाथ मारून मशीन पाडू नये म्हणून त्याने ते दावणीच्या लोखंडी दांडीला तारेने करकचून आवळलं. त्याच दांडीला सहा गाईंच्या साखळ्या होत्या, आणि त्याच दांडीला पाण्याची लोखंडी डोण बोल्टने बसवलेली होती.

खोका दिवसभर घोंघावत असायचा. त्याचा लाल दिवा चालू राहिला की धाकट्याला बरं वाटायचं.

मशीन यायच्या आधी चौदा वर्षं या गोठ्याचं दूध थोरलीच्या हातांनी निघत होतं. लग्न होऊन आली तेव्हा दोन गाई होत्या, त्यांच्या सहा झाल्या. तिच्या बोटांची पेरं सुजून गाठाळली होती, थंडीत मूठ वळायची नाही. मशीन आलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तिलाच झाला होता. हे मात्र पुढे कुणालाच आठवेना.

त्या सकाळी धाकटा भुरीच्या सडांना कप लावत होता. थोरली भुरीच्या मानेपाशी उभी राहून पाठ थोपटत होती. मशीन सुरू झालं. भुरीच्या कातडीवरून एक शहारा खालीवर पळाला, आणि तिने मागचा पाय असा झाडला की कप लांब उडाले, बादली कलंडली आणि तिला सावरायला वाकलेल्या थोरलीच्या हातावर खूर बसला. दूध कोब्यावरून नालीकडे निघालं.

"धरता येत नाही का नीट!" धाकटा ओरडला.

थोरली हात पोटाशी धरून खाली बसली होती. मनगटापासून कोपरापर्यंत काळंनिळं होत चाललं होतं. आवाज ऐकून सासूबाई दारात आल्या. त्यांनी सांडलेलं दूध पाहिलं, गाय पाहिली, मग सुनेकडे पाहिलं.

"गाय माणसाच्या मनातलं ओळखते," त्या म्हणाल्या. "तू जवळ उभी राहतेस ना, तिथूनच बिघडतंय. तुला ते मशीन नकोच आहे."

"आई, मला कशाला नको असेल?"

"मला काय विचारतेस? तुझ्या हाताला विचार."

डेअरीवर दूध मोजायला बसणारा जाडा गडी सगळ्या गावाच्या गाईंची कुंडली तोंडपाठ असलेला. थोरलीचा नवरा डेअरीचाच टेम्पो चालवायचा, त्यामुळे घरचे कॅन तोच चढवायचा आणि गड्याची बोलणीही तोच ऐकायचा. "काय हो ड्रायव्हर, हाताने काढत होता तेव्हा सकाळचं अठ्ठेचाळीस लिटर. मशीनने तेहतीस. उलटं बसवलं का काय? दूध गाईत तर नाही ना चाललं?" रांगेतली माणसं हसली. नवरा पण हसला, आणि घरी येऊन अर्ध्या जेवणावरून उठला.

चौथ्या आठवड्यात सासूबाईंनी आणि धाकट्याने ठरवलं की भुरी विकायची. एक खोडकर गाय बाकीच्या पाच बिघडवते. थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं. तो टेम्पोच्या चाकात हवा भरत होता. हवा भरायचं पाय-पंपाचं काम त्याने इतक्या मन लावून केलं की टायर दगडासारखं झालं.

भुरी आठ दिवसांची असताना तिची आई गेली होती. थोरलीने दुधात बोटं बुडवून ती तिच्या तोंडात दिली होती, दोन महिने.

गावाबाहेर वीटभट्टी होती. भट्टीवाल्याची बायको, तिला सगळे वीटवाली म्हणत, तिने भुरी घेतली. सासूबाईंनी चार माणसांसमोर स्पष्ट सांगून टाकलं, "लाथ मारते, पान्हा चोरते. मागाहून तक्रार चालणार नाही."

"माझी दोन पोरं रोज लाथा मारतात," वीटवाली म्हणाली. "तिसरी सही."

त्या दिवसापासून थोरलीला दूध काढायला बंदी झाली. शेण उचलायचं, कोबा धुवायचा, वैरण टाकायची आणि मशीन सुरू झालं की बाहेर जायचं. ती बाहेर जाऊन उकिरड्यापाशी उभी राहायची. आतून साखळ्या खणखणायच्या, धाकट्याच्या शिव्या ऐकू यायच्या. ऊन वाढत होतं. अंगणातली माती भेगाळली होती. वारा सुटला की पत्रे वाजायचे आणि थोरलीला उगाच वाटायचं, आत काहीतरी पडलं. ती दोन पावलं पुढे जायची, परत मागे यायची. एका जागी तिलाही उभं राहवत नव्हतं.

ती गोठ्यात नसूनही दूध वाढलं नाही. चोवीसवर आलं. याचा अर्थ काय, हे घरात कुणी विचारलं नाही.

आठव्या दिवशी नवरा डेअरीवरून आला आणि हात धुता धुता हळूच म्हणाला, "वीटवालीचा कॅन पाहिला आज. भुरी सकाळची नऊ लिटर देते. एका वेळची."

"नऊ?"

"नऊ. आणि ती म्हणते, लाथ काय, शेपूट पण मारत नाही."

थोरलीला आधी छातीत काहीतरी गोड हललं, मग ते टोचायला लागलं. दुपारी वैरण टाकून झाल्यावर ती कुणाला न सांगता भट्टीकडे निघाली.

वीटवालीचा गोठा म्हणजे चार खांबांवर गवताचं छप्पर. खाली माती. भुरी लाकडी खुंट्याला दोराने बांधलेली, समोर प्लास्टिकचा टब. थोरली पोचली तेव्हा ती पाणी पीत होती. नाकपुड्यांपर्यंत तोंड बुडवून, लांब घोट घेत. गळ्याखालचं कातडं प्रत्येक घोटाला वर सरकत होतं.

थोरली पाहतच राहिली. महिनाभरात आपल्या गोठ्यात एकाही गाईला तिने असं पाणी पिताना पाहिलं नव्हतं. तिथे त्या जिभेचं टोक लावायच्या. चाटून पाहायच्या, मागे व्हायच्या.

"काय घालतेस हिला?" तिने विचारलं.

"तू घालायचीस तेच. पेंड आणि कडबा." वीटवाली विटांच्या मातीने भरलेले हात पाठीमागे पुसत होती. "खरं सांगू? तुझ्या सासूने एवढं घाबरवलं होतं, मी पहिल्या दिवशी हेल्मेट घालून धार काढायला बसले. नवऱ्याचं."

दोघी हसल्या. हसता हसता थोरलीने छपराकडे पाहिलं, खुंट्याकडे पाहिलं, टबाकडे पाहिलं. लोखंड कुठेच नव्हतं. वायर कुठेच नव्हती.

घरी आली तेव्हा धाकटा झोपला होता. खोका घोंघावत होता. काळीची जीभ कोरडी दिसत होती आणि डोण तर काठोकाठ भरलेली. थोरलीने डोणीत हात घातला. पाणी थंड, स्वच्छ. वास नाही, काही नाही. तिने हात काढला आणि गाईच्या पायांकडे पाहत उभी राहिली. धुतलेला कोबा अजून ओला होता. त्यात चार खूर.

गाईला कुठे चप्पल असते, तिच्या मनात आलं.

तिने रबरी चपला काढल्या, ओल्या कोब्यावर पाय ठेवले आणि दांडीला बोट लावलं.

बोटातून मुंग्या शिरल्या. हजारो, लाल, एकदम. कोपरापर्यंत चढल्या आणि हात आपोआप मागे फेकला गेला. ती भिंतीला जाऊन आदळली. काळी तिच्याकडे बघत होती.

"भाऊजी!" तिने हाक मारली तेव्हा आवाज फाटला होता.

धाकटा उठून आला. अंगणातून येताना त्याने बूट चढवले होते, गोठ्यात तो बुटांशिवाय यायचाच नाही. मागून सासूबाई. थोरलीने सांगितलं. धाकट्याने ऐकून घेतलं, पुढे झाला आणि दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरली. डोणीत हात बुडवला. मशीनवर थाप मारली.

"कुठे आहेत मुंग्या?"

"बूट काढा, भाऊजी."

"वहिनी, तिकडे पाचशे गाई होत्या. पाचशे! मला शिकवू नका."

"मी शिकवत नाही. फक्त बूट काढा म्हणते."

तो क्षणभर थांबला. त्याची नजर खाली, स्वतःच्या पायांकडे गेली, आणि थोरलीच्या लक्षात आलं की तो चिडलेला नाही, तो घाबरलेला आहे. पण सासूबाई मागे उभ्या होत्या.

"मुंग्या हिच्या डोक्यात आहेत," सासूबाई म्हणाल्या. "दुपारी कुठे गेली होतीस, ते सांग आधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा कॅन चढवून टेम्पो सुरू करत होता, तेवढ्यात दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि थोरली येऊन बसली. मांडीवर एक पिशवी. पिशवीत खोका.

"अगं, हे काय? तो उठल्यावर मशीन कसं लावेल?"

"आज हाताने काढली मी धार. सगळ्यांची. तुम्ही कॅन उचललात ना? जड नाही वाटले?"

नवऱ्याने मागे वळून कॅनांकडे पाहिलं. "आई विचारेल."

"सांगा, गेली म्हणून."

"धाकट्याचं मन मोडेल गं."

"आणि माझा हात मोडला तेव्हा?" ती म्हणाली. तिने बाही वर केली नाही. त्याने गिअर टाकला.

बाजाराच्या मागच्या गल्लीत मोटारींचं वायंडिंग करणाऱ्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे जळालेल्या मोटारींचा ढीग आणि त्यात बसलेला एक म्हातारा, केसांत तांब्याच्या तारेचे तुकडे अडकलेला. येणाऱ्या प्रत्येकाला तो मान वर न करता एकच विचारायचा. "कशी मेली?"

"मेली नाही अजून," थोरली म्हणाली. "मरू नये म्हणून आलेय."

म्हाताऱ्याने चष्मा वर सरकवला. "बाई, तीस वर्षं दुकान आहे. जळायच्या आधी आलेलं पहिलं गिऱ्हाईक तुम्ही."

त्याने खोक्याचे स्क्रू काढले. तोंडाने चक् चक् करत आत पाहिलं. मग तुटक्या पिनेवर बोट ठेवलं. "हिला कुणी मारलं?"

थोरलीने सगळं सांगितलं. दांडी, डोण, जिभेचं टोक, भुरी. पाय ओले करून बोट लावलं हे सांगितलं तेव्हा म्हाताऱ्याने हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर आपटला.

"पुन्हा असला शहाणपणा करायचा नाही! थोडक्यात वाचलात. ओल्या जागेत विजेची परीक्षा अंगाने घ्यायची नसते, त्यासाठी मीटर असतं." मग जरा नरम होऊन म्हणाला, "पण डोकं बरोबर चाललं तुमचं. बसा."

त्याने चहा मागवला आणि एक ग्लास उचलून दाखवला. "पाण्याची टाकी जितकी उंच, तितका नळाला जोर. व्होल्ट म्हणजे ती उंची. त्यांची टाकी एकशे दहावर, आपली दोनशे तीसवर. या खोक्याने काय केलं, आपल्याच टाकीला मध्यावर एक तोटी पाडली. मशीनला फक्त त्याच्या दोन टोकांमधला फरक कळतो. एकशे दहा मिळाले, ते खूश. पण हा प्लग दोन पिनांचा, उलटा बसला तरी बसतो. उलटा बसला की मशीनचं खालचं टोक जमिनीपासून एकशे वीसवर आणि वरचं दोनशे तीसवर. दोघांतला फरक तेवढाच. मशीनला पत्ताच नाही."

"आणि गाय?"

"गाय जमिनीवर उभी आहे. तिला मशीनच्या टोकांशी काय घेणं? तिला लोखंड आणि जमीन यांच्यातला फरक लागतो. मोटर जहाजातून आली, ओल धरली असणार, त्यातून वीज अंगावर झिरपते. ती झिरप मुकाट जमिनीत न्यायची म्हणून ती तिसरी पिन असते. आपण तिलाच असली काय, नसली काय, म्हणतो." त्याने खोक्याच्या पत्र्यावर तळहात ठेवून लगेच उचलला. "आणि वर हजार वॅट लिहिलंय. आत तांबं पाचशेचंसुद्धा नाही. अजून कोमट आहे बघा, इतका वेळ झाला तरी. महिनाभरात पेटला असता, कडब्याशेजारी."

थोरलीने चहा तसाच खाली ठेवला. तिला आत्ताच घरी जायचं होतं.

दुपारी म्हातारा आपल्या खटारा मोटारसायकलवरून आला. अंगणात सासूबाई आणि धाकटा उभेच होते. म्हाताऱ्याने कुणाला नमस्कार-चमत्कार केला नाही. खोका पुन्हा होता तसा लावला, सगळ्यांना गोठ्याबाहेर थांबवलं, स्वतः दुकानातली जाड रबरी चटई पायाखाली घेतली. मीटरची एक वायर दांडीला, दुसरी ओल्या कोब्याच्या फटीत ठोकलेल्या खिळ्याला.

"सेहेचाळीस," त्याने वाचलं.

मशीन बंद होतं. फक्त खोका चालू होता.

त्याने प्लग काढला, फिरवून पुन्हा घातला. "बारा. माणसाला हे कळणारही नाही. गाईला तीन-चारसुद्धा कळतात, चार पाय ओले, कातडी नाजूक." मग प्लग काढूनच टाकला. घोंघावणं थांबलं. गोठ्यात शांतता झाली, इतकी की माशांचा आवाज यायला लागला.

सकाळपासून खोका नव्हता, तरी भीतीने गाई डोणीकडे फिरकल्या नव्हत्या. काळीने मान पुढे केली. जिभेचं टोक पाण्याला लावलं. मागे झाली. पुन्हा लावलं. थांबली. मग तिने तोंड बुडवलं आणि प्यायला लागली. गट, गट, गट. तिच्या शेजारची ठिपकी पुढे सरकली. एकीमागून एक पाचही तोंडं डोणीत. पाणी बघता बघता खाली गेलं. थोरली धावत जाऊन बादली घेऊन आली, ओतली, पुन्हा पळाली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं की घाम, तिला कळत नव्हतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

तिसऱ्या बादलीला तिच्या हातातून कुणीतरी बादली घेतली. धाकटा होता.

म्हाताऱ्याने काय काय करायचं ते सांगितलं. नवा खोका तो स्वतः बनवणार होता, दोन वेगळ्या गुंडाळ्यांचा, म्हणजे इकडच्या विजेचा तिकडच्या तारेला स्पर्शच नाही, आणि मशीनला लागेल त्याच्या दुप्पट ताकदीचा. मोटर उन्हात सुकवून वार्निश करायची. गळती झाली की आपोआप पडणारा स्विच बसवायचा. पण त्या सगळ्याआधी अर्थिंग. "माणूस उभा मावेल एवढा खड्डा खणा. खाली तांब्याची पाटी, वर कोळसा आणि मीठ. उन्हाळ्यात रोज एक घागर पाणी ओता. जमीन वाळली की तीही वीज घेत नाही."

दुसऱ्या दिवशी धाकटा एकटाच खणत होता. वरची माती लोखंडासारखी होती, पहार आपटली की ठिणगी उडायची. थोरली घमेल्याने माती ओढत होती. दुपारपर्यंत तो कमरेइतका आत गेला. बूट त्याने खड्ड्याच्या काठावर काढून ठेवले होते.

"वहिनी," तो खालूनच म्हणाला, पहार थांबवून. "तिकडे मी मशीनला कधी हातच लावला नाही."

थोरलीने घमेलं खाली ठेवलं.

"मी शेण ढकलायचो. सहा वर्षं. पाचशे गाईंचं शेण, लांब फावड्याने. मशीनवाले वेगळे होते. ते काच लावलेल्या खोलीत. आम्हाला आत सोडत नसत." तो तिच्याकडे बघत नव्हता. "आईला पहिल्या वर्षी फोनवर काहीतरी सांगितलं, मग तेच वाढत गेलं. परवा तुम्ही बूट काढा म्हणालात ना, मला माहीत होतं. म्हणजे, वाटलं होतं. एकदा पाय घसरून बूट निघाला होता, तेव्हा मलाही लागलं होतं."

"कधी?"

"भुरीला विकायच्या आधी."

खड्ड्याच्या काठावरची माती तिच्या पायाखालून थोडी थोडी खाली ढासळत होती. तिला त्याच्या डोक्यात घमेलं घालावंसं वाटलं. त्याच्या मानेवर उन्हाने पडलेल्या लाल भेगा वरून स्पष्ट दिसत होत्या, आणि खांदे वाकलेले, शेण ढकलणाऱ्या माणसाचे असतात तसे.

"आईला तुम्हीच सांगा," शेवटी ती म्हणाली. "मी सांगणार नाही. आणि खणा. अजून छातीपर्यंत जायचंय."

त्याने सांगितलं की नाही, काय सांगितलं, ते थोरलीला कळलं नाही. पण दोन दिवस सासूबाई जेवायला उशिरा आल्या आणि खुर्ची अंगणातून आत गेली.

नवा खोका आला, मशीन दांडीपासून लांब, लाकडी फळीवर ठेवलं गेलं. म्हाताऱ्याने मीटर लावून शून्य दाखवलं, तेव्हा वाचायला सगळ्यांत आधी धाकटा वाकला. गाई लगेच विश्वास ठेवायला तयार नव्हत्या. चार दिवस त्या दांडीपाशी येताना थबकायच्या. मशीन सुरू झालं की कप लावायचं काम धाकटा करायचा आणि थोरली मानेपाशी, काहीबाही बोलत. पाचव्या दिवशी काळी रवंथ करत उभी राहिली. दूध पस्तीसवर गेलं, मग चाळीसवर. डेअरीतल्या जाड्या गड्याने दुसरा विनोद शोधला.

मग एका सकाळी सासूबाई पायात चपला सरकवून दारात आल्या. "चल," त्या थोरलीला म्हणाल्या. कुठे, ते सांगितलं नाही.

भट्टीपर्यंत वाट चढाची होती. सासूबाईंचे गुडघे दुखायचे, त्या दर पन्नास पावलांवर थांबायच्या, आणि थोरलीने हात पुढे केला की धरायच्या नाहीत. वीटवाली भुरीच्या पोटाशी बसलेली होती, बादली अर्धी भरलेली.

"गाय परत दे," सासूबाई म्हणाल्या. बसल्या नाहीत, पाणी मागितलं नाही. "दिलंस त्यापेक्षा जास्त घे."

वीटवालीने धार थांबवली नाही. "आजी, तुम्ही मला खोडीची गाय विकलीत. चार माणसांत सांगून विकलीत. मी लाथा खायची तयारी ठेवून घेतली. आता ती गुणाची निघाली, तर ते माझं नशीब."

"खोड तिच्यात नव्हती."

"मग कशात होती?"

वीटवालीने विचारलं सासूबाईंना, पण बघितलं थोरलीकडे. थोरलीच्या हाताबद्दल गावात जे बोललं जात होतं ते तिच्याही कानावर होतंच. भट्टीवरच्या दोन बायका डोक्यावर विटा घेऊन तिथेच थांबल्या.

सासूबाईंचा श्वास अजून चढाचा होता. "आमच्या लोखंडात होती," त्या म्हणाल्या. थोड्या थांबल्या. "आणि माझ्या तोंडात. हिच्या हातात काही खोट नाही. नव्हती."

त्या थोरलीकडे वळल्या नाहीत. विटांच्या थप्पीपाशी गेल्या आणि गुडघे धरत तिच्यावर बसल्या.

वीटवाली उठली. बादलीकडे पाहिलं, गाईकडे पाहिलं. "गाय मी देणार नाही," ती म्हणाली. "माझ्या पोरांच्या तोंडचं दूध आहे. पण एक सांगते. शेवटची धार ही मला देत नाही. राखून ठेवते. कासेला हात लावला की कळतं." तिने आपल्या जागेवरून बाजूला होऊन बादली पायाने पुढे सरकवली. "बघ, तुला देते का."

थोरली बसली. डाव्या हाताला अजून ठणका होता, पेरं आखडलेली. तिने तळहात एकमेकांवर घासून गरम केले आणि कासेला लावले. भुरीने मान वळवली, तिला हुंगलं, एक फुरका सोडला आणि पुन्हा वैरणीत तोंड घातलं. थोडा वेळ काहीच नाही. मग कास तिच्या हातात जड होत गेली आणि पहिली धार बादलीतल्या फेसात शिरली. दाट, गरम. मग दुसरी. बादली दुसऱ्याची होती, दूध दुसऱ्याचं होतं. थोरली काढत राहिली.

ऊन वर आलं. घरी पाच गाई खोळंबल्या असतील, वैरण टाकायची होती, कोबा धुवायचा होता. सासूबाई विटांवर बसून होत्या. घाई कर म्हणून त्यांनी एकदाही हाक मारली नाही.